उजवीकडून उघडणारं पुस्तक

बीडच्या बसस्टँडजवळ रद्दीच्या दुकानात मला एक जाडजूड जपानी चित्रकथा सापडली, इंग्रजीतली. मी शिकवणीत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे अंगात थोडी मस्ती होतीच. थेट मित्राच्या गॅरेजात गेलो आणि त्याला मराठीतून गोष्ट सांगू लागलो. रिकाम्या घरात एक रोबो एकटाच बसलाय. मग खाटेवर आजारी म्हातारा दिसतो. पानागणिक तो तरणा होत जातो आणि शेवटी लहान पोर होऊन रोबोच्या खांद्यावर बसतो. मधेमधे संवाद जुळत नव्हते, पण जपान्यांची तऱ्हाच तशी असेल म्हणून मी रेटून नेलं.

मित्र उर्दू शाळेत शिकलेला. त्याने हात पुसले, पुस्तक घेतलं आणि पालथं केलं.

"अबे मास्तर, हे आमच्या उर्दूवानी उजवीकडून उघडतंय. तू मयतीपासून सुरू केलंस की!"

मी चांगलाच ओशाळलो. मग तो पानं उलटत गेला, मी वाचत गेलो. पोर मोठं झालं, म्हातारं झालं, गेलं. रोबोच्या छातीवर आठवणी पुसायचं बटण असतं. तो त्यावर बोट ठेवतो, पण दाबत नाही. मित्र पडला मिस्त्री माणूस, त्याला हे काही पटेना.

"बटन हाय ना? मग दाबत कावून न्हाई? लई तरास करून घेतंय येडं."

‘जपान्यांची तऱ्हा’ म्हणत मी वेळ मारून नेली. पुढे कित्येक दिवस चहा घेताना तो हेच विचारायचा.

दोन वर्षांपूर्वी तो आजारपणात गेला. परवा माझ्या फोनमधली जागा संपली. सगळ्यात जास्त जागा त्याने पाठवलेल्या आवाजी निरोपांनी अडवली होती. पुसायचं बटण समोर आलं. मी बोट ठेवलं आणि काढून घेतलं. त्याची फार आठवण येते. उत्तर सापडलं, पण सांगायचं कुणाला?

मग ते निरोप ऐकत बसलो, शेवटच्यापासून मागे. आधी दवाखान्यातली धाप: "मास्तर, आज नको, उद्या ये." हळूहळू खोकला कमी झाला, आवाजात जोर आला. तो गॅरेजात परतला, गिऱ्हाइकांना शिव्या देऊ लागला. अगदी पहिला निरोप लागला: "कुठं मेलास बे? च्या निवायला लागला, ये लवकर."

मी चपला घालून दारापर्यंत गेलो होतो.