अकरा क्रियापदं आणि एक व्हीलचेअर

चहा आधी संपवा, मग सांगतो. कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला साधी कोथिंबीर आणायलाही सांगणार नाही.

मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका पॅकेजिंग कारखान्यात क्वालिटी बघतो आणि गेली बावीस वर्षं न चुकता डायरी लिहितो. मशीन मेंटेनन्सला मारेक आहे, पोलंडचा, माझ्याच वयाचा. वर्षापूर्वी मी त्याच्याकडून पोलिश शिकायला घेतलं. का, असं विचारू नका. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं होतं. तिला मी दोन पोलिश क्रियापदं ऐकवली.

आमची पद्धत ठरलेली. जेवणाच्या सुट्टीत मारेक चिठ्ठीवर एक पोलिश क्रियापद आणि एक नमुन्याचं वाक्य लिहून माझ्या डायरीत ठेवतो. मी घरी जाऊन त्या क्रियापदाला इंग्रजीत किती पर्याय आहेत ते शोधतो. वाक्यात बहुधा त्याची आई असते. आई कांदा चिरते. आई शेजारणीवर रागावते. त्या बाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांची दीड-दोनशे कामं मला पाठ होती.

खऱ्या आई गेल्या हिवाळ्यात जिन्यावरून पडल्या. वीस पावलंही चालणं कठीण. चार वर्षांत मुलाची भेट नाही. ‘तुला एक पाऊल टाकावं लागणार नाही’ असं वचन देऊन मारेकने त्यांना इकडे यायला तयार केलं होतं. हे त्याने मला सांगितलं होतं. माझ्या डायरीत आहे, तारखेसकट.

तर एका बुधवारी त्याला अचानक अबू धाबीच्या प्लांटवर शटडाऊनला, म्हणजे सगळी मशीनं बंद करून करायच्या दुरुस्तीला, पाठवलं. गाडी दारात उभी, ड्रायव्हर ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करतोय. मारेक धावत आला, माझ्या डायरीत चिठ्ठी खुपसली, माझा खांदा दाबला आणि गेला.

चिठ्ठीवर होतं, ‘झावात्विच: वूझेक द्ला मामी, सोबोता.’ मार्गी लावणे: आईसाठी व्हीलचेअर, शनिवार.

तुम्हाला कळलं. मला मात्र वाटलं, एवढ्या घाईतही माणूस आजचा धडा विसरला नाही. मन भरून आलं.

चिठ्ठीच्या मागे दोन अक्षरं आणि तीन आकडे होते. मी बारकाईचा माणूस. तेही समासात उतरवले आणि पुढे लिहिलं, ‘बहुधा शब्दकोशाचा पान क्रमांक.’

आणि क्रियापद काय निघालं म्हणून सांगू! या एका शब्दाला इंग्रजीत अरेंज आहे, सेटल आहे, हँडल आहे, ऑब्टेन आहे, सॉर्ट आउट आहे. गुरुवारपर्यंत सात झाले.

गुरुवारी मारेकचा मेसेज आला, ‘कसं चाललंय?’

मी लिहिलं, ‘उत्तम. सावकाश, पण नीट करतोय.’

‘तू होतास म्हणून, हबीबी.’

शुक्रवारी त्याने पोलिशमध्ये लिहिलं, ‘मामा शे बोई.’ आई घाबरली आहे. मी उद्याचं क्रियापद म्हणून ‘घाबरणे’ नोंदवून घेतलं आणि उत्तर पाठवलं, ‘छान, सोपं वाक्य आहे.’ त्यावर त्याने नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं. शटडाऊनमध्ये माणसाला वेळ नसतो, मी समजून घेतलं.

शनिवारी दुपारी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी मी अकरा क्रियापदांची पक्की प्रत काढत बसलो होतो. माझी मुलगी इरा मागून डोकावली.

“बाबा, व्हाय डू यू हॅव अ फ्लाइट नंबर हिअर?”

“तो पान क्रमांक आहे.”

तिने फोनवर काहीतरी टाइप केलं. “इट लँड्स ॲट फोर. फ्रॉम वॉर्सा.”

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. या वेळी धडा म्हणून नाही, काम म्हणून.

“वैशाली,” मी म्हणालो, “माझ्याकडून एक घोटाळा झालाय.”

ती आली. तिने चिठ्ठीचा अर्थ विचारला. मी सांगायला लागलो की मुळात या क्रियापदाच्या अर्थछटा...

“वस्तू कोणती हवी ते सांगा.”

“व्हीलचेअर.”

तिने शेजारच्या बिल्डिंगमध्ये फोन लावला. “वहिनी, तुमच्या सासूबाई पुण्याला परत गेल्या ना? त्यांची खुर्ची बाल्कनीत असेल. हो, आत्ता. इराला पाठवते.” फोन ठेवला आणि मला म्हणाली, “गाडीची डिकी रिकामी करा. तेवढं जमेल ना?”

एअरपोर्टवर पोचलो तेव्हा मारेक अबू धाबीहून थेट आलेला होता, अंगावर कामाचाच शर्ट. खुर्ची पाहून त्याचे डोळे भरले. थोड्या वेळाने एअरलाइनच्या माणसाने आईंना एअरलाइनच्याच खुर्चीतून बाहेर आणलं आणि तिथून त्या आमच्या खुर्चीत बसल्या. मध्ये जमिनीवर एक पाऊलही पडलं नाही. मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून बसल्या. आम्ही तिघं उगाचच फ्लाइटचा बोर्ड वाचत राहिलो.

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण उद्या डायरीत काय लिहू? मी मारेकला सगळं सांगितलं आणि पुरावा म्हणून यादी दाखवली.

त्याने गंभीरपणे अकराही शब्द वाचले. मग आईंना पोलिशमध्ये सांगितलं. त्यांनी काहीतरी विचारलं.

“आई विचारतेय, यातल्या कुठल्या शब्दाने खुर्ची आणली?”

मी वैशालीकडे बोट दाखवलं.

आईंनी तिचं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि माझ्या खिशातल्या पेनाकडे हात केला. मग मलाच लिहायला लावलं. अकराव्या शब्दाखाली. बारा: वैशाली.

त्या दिवसापासून घरात कुठलंही काम निघालं की इरा म्हणते, “आस्क नंबर ट्वेल्व्ह.” यादीत माझं नाव कुठेच नाही. अक्षर मात्र माझं आहे, आणि ते चांगलं आहे असं आईंनीही सांगितलं.