तळाच्या डिव्हिजनचे दादा

पराभव इतक्या शिस्तीत, वेळेवर आणि नोंद करून स्वीकारणारा माणूस मी माझ्या बायकोच्या आतेभावाखेरीज दुसरा पाहिला नाही. बायको त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणत असे. मूळ गाव गुहागरजवळ, नोकरी दुबईला जबल अली बंदराजवळच्या एका गोदामात स्टोअरकीपरची, मुक्काम कंपनीच्या कॅम्पात सहा जणांच्या खोलीत. नव्वदच्या दशकात दुबईतले झाडून सारे भारतीय शारजाच्या क्रिकेटवर जगत होते, तेव्हा दादा उत्तर इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबसाठी झुरत होते. क्लबचं नाव सांगून उपयोग नाही. ते ऐकल्यावर खुद्द इंग्रजही हे गाव कुठे आलं असं विचारतात. त्या गावचा एक मॅनेजर गोदामात होता. त्याला घरून तिथल्या साप्ताहिकाचे गठ्ठे येत. वाचून झाले की तो ते पॅकिंगसाठी दादांकडे देई. दादा पॅकिंगच्या आधी ते वाचत. पुढे मॅनेजर गेला, गठ्ठे थांबले आणि क्लब दादांच्या गळ्यात राहिला.

क्लबचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता आणि तो ऐकवायला निमित्त लागत नसे. शुक्रवारच्या सुट्टीला दुबईच्या देरा भागात आमच्याकडे जेवायला आले की आमटी वाढेपर्यंत स्थापना होई आणि भातापर्यंत पडझड. रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या फिटरांनी क्लब काढला. एकदा तो वरच्या डिव्हिजनमध्ये गेला आणि पुढच्याच हंगामात खाली आला. लाकडी स्टँड जळाला, वर्कशॉप बंद पडलं, मैदानाचा एक कोपरा सुपरमार्केटला गेला. एखादा खेळाडू बरा निघाला की मोठा क्लब त्याला उचलून नेई. हे सगळं दादा गोदामातल्या मालासारखं सांगत, कारण ते ठेवतही तसंच. प्रत्येक खेळाडूचं त्यांनी स्टॉक कार्ड केलं होतं: आला कधी, गेला कधी, त्या जागी शिल्लक किती. जायबंदी झालेल्यांची कार्डं 'डॅमेज' लिहिलेल्या वेगळ्या डब्यात असत. माझी मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "मामा, दे आर जस्ट बॅड!" दादांनी शांतपणे पापड मोडला. "बॅड नाही गं. शॉर्टेज आहे. रिप्लेसमेंट आलेली नाही."

मी तेव्हा एका इंग्रजी दैनिकात क्रीडा विभागाचा उपसंपादक होतो. इंग्लंडचे निकाल शनिवारी संध्याकाळी वृत्तसंस्थेच्या प्रिंटरवर येत आणि मी ते बारीक टायपात लावत असे. ऐनवेळी जाहिरात आली की मजकूर खालून कापायचा, हा नियम. आणि सर्वांत खाली दादांची डिव्हिजन. त्यामुळे दादा पेपरावर विसंबत नसत. दर शनिवारी आठच्या सुमारास ते कॅम्पातल्या बूथवर कार्ड घालून मला फोन करत.

"भावोजी, काय झालं?"

"शून्य-तीन."

"घरी की बाहेर?"

"घरी."

"बरं." फोन बंद.

आपल्या क्लबला खेळताना त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. टीव्हीवर मोठे क्लब दिसत. दादांच्या वाट्याला आकडे. खोलीतला साताऱ्याचा एक वेल्डर त्यांना छळत असे. "दादा, तुमचा क्लब नि आपलं इन्क्रिमेंट, दोन्ही इन्शाल्लावर!" दादा म्हणत, "क्लब दर शनिवारी मैदानावर येतो तरी."

मग एका हंगामात क्लब पार तळाला जाऊन बसला. शेवटच्या क्रमांकाचा क्लब लीगबाहेर जातो आणि लीगबाहेरचे निकाल आमच्या प्रिंटरवर येतच नसत. हे मी दादांना आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटच्या सामन्यात हरले, तर जबल अलीपुरता तो क्लब नाहीसा होणार होता. बरोबरी मात्र पुरेशी होती.

त्या शनिवारी दादांचा फोन पंधरा मिनिटं आधीच आला. प्रिंटरचा कागद माझ्या हातात होता. मी आकडा वाचला: एक-एक. "सुटले, दादा." दादांनी आकडा माझ्याकडून पुन्हा वदवून घेतला. मग, "यल्ला, चला, ठेवतो."

दहा मिनिटांनी दुसरा कागद आला. पहिला कागद खेळ चालू असतानाचा होता, अंतिम निकालाचा नव्हता. तसं त्याच्या माथ्यावर लिहिलं होतं आणि मी माथा वाचला नव्हता. नव्या उपसंपादकाला पहिल्या आठवड्यात शिकवतात ती ही गोष्ट. शेवटच्या मिनिटांत गोल बसला होता. एक-दोन. बूथवर उलटा फोन लागत नसे. वॉचमनच्या केबिनचा नंबर फिरवला. कोणी उचलला नाही. मी पानात बरोबर निकाल लावला आणि घरी गेलो.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला.

"भावोजी, पेपरात चूक झालीय. सकाळी बसमध्ये पाहिलं."

"पेपर बरोबर आहे, दादा. चूक माझी झाली."

"म्हणजे उद्या दुरुस्ती येणार नाही?"

"नाही."

"शिरा केला होता हो काल. सगळ्या खोलीला वाटला. वेल्डरने दोनदा घेतला. आता त्यांना काय सांगू?"

मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमचं काही नाही. शेवटी शेवटी डावा बॅक शिल्लक नसणार. खलास."

ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या शनिवारी त्यांनी फोन केला. "काही आलं का?" "नाही, दादा." "बरं." दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारपासून फोन आला नाही. शुक्रवारी ते जेवायला येत राहिले, पण आमटीबरोबर क्लबचा इतिहास निघत नसे आणि आम्हीही विषय काढत नसू.

डिसेंबरात दुबईच्या करामा भागातल्या भाजीच्या दुकानात तो वेल्डर भेटला. हातातली मेथी सावरत म्हणाला, "काय साहेब, दादांचा क्लब यंदा भलताच सुटलाय! गेल्या शनिवारी चार-शून्य. आठ वाजले की बूथवर जातात, तुम्हाला फोन लावतात आणि येऊन आम्हाला निकाल सांगतात. खरंच चार मारले?"

ते एक-एक सोडलं, तर इतक्या वर्षांत पुष्टी न झालेला एकही आकडा मी माझ्या हातून पुढे जाऊ दिला नव्हता.

"हो," मी म्हणालो. "त्यातले दोन तर डोक्याने."