दीपमालानं घडवलेली सायकल

शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी सुटली की कंपन्यांच्या फाटकांतून दुचाक्यांचा लोंढा बाहेर पडतो. त्या लोंढ्याच्या कडेकडेनं, हेल्मेटखाली वेणी खोचून, एक ठेंगणी बाई सायकलवरून घराकडे निघते. ती दीपमाला. कंपनीच्या वेल्डिंग विभागात तिला आता बरीच वर्षं झाली. तिची ती गडद हिरवी सायकल कुठल्या दुकानात मिळते, असं लोक अजूनही विचारतात. ती दुकानात मिळत नाही. ती तिनं स्वतः घडवली आहे, आणि ती घडवताना काय काय झालं ते ऐकण्यासारखं आहे.

दीपमालाचं माहेर कवठे महांकाळच्या पलीकडं, नागजच्या बाजूला. वडील केरू गवंडीकाम करायचे. थापी, ओळंबा, घमेलं असं सगळं कॅरेजला बांधून माळावरच्या पायवाटांनी या गावातून त्या गावात कामाला जायचे. त्यांची काळी, उंच सायकल दारात लागली की दीपमाला ती पळवायची. सीटवर बसून पायडलपर्यंत पाय पोहोचत नव्हता, म्हणून दांडीखालून पाय घालून, एका अंगाला कलंडून ती सायकल हाणायची. आई मुक्ताबाई ओरडायची, “आवं, बघा की जरा! सायकल तरी मोडंल, न्हाईतर हात तरी!”

केरू बिडी विझवत म्हणायचे, “मोडू दे. दोनी बी जोडता येत्यात.”

पुढं सांगलीला आयटीआयमध्ये तिनं वेल्डरचा ट्रेड घेतला. नोकरी शिरवळला लागली, लग्नही तिथंच नोकरी करणाऱ्या प्रबुद्धशी झालं. संसार लागला आणि सायकल मागं पडली. ती परत आली ते पाठीच्या दुखण्यामुळं. दिवसभर वाकून वेल्डिंग करून कंबर धरायची. कुणीतरी सायकल सुचवली आणि प्रबुद्धनं एक जुनी ॲल्युमिनियमची सायकल शोधून आणली. आधी कंपनीपर्यंत, मग रविवारी वीर धरणाकडं, मग एकदा हिय्या करून खंबाटकी घाट. घाटमाथ्यावर ती धापा टाकत बसली होती तेव्हा साताऱ्याकडून आलेली एक उंच बाई शेजारी येऊन उभी राहिली. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी पुढं केलं आणि विचारलं, “एकट्याच? कुठून?”

ही राजेश्वरी. साताऱ्याच्या कॉलेजात भूगोल शिकवते. तिच्याकडं काळी कुळकुळीत कार्बनची सायकल होती, दोन बोटांनी उचलावी इतकी हलकी. त्या दिवसापासून दोघींची मैत्री जमली ती जमलीच. दर रविवारी कुठंतरी निघायचं, कधी वाईकडं, कधी फलटणच्या वाटेनं. पण दोघींचं मन डांबरापेक्षा कालव्याकाठच्या मुरमाच्या रस्त्यांवर जास्त रमायचं. तिथं गाड्या नाहीत, हॉर्न नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस. एकच भानगड होती. तासभर मुरमावरून गेलं की दीपमालाच्या हातांना मुंग्या यायच्या आणि पाठीत बारीक कळ धरायची.

एका रविवारी राजेश्वरीची सायकल दुरुस्तीला गेली होती म्हणून तिनं भावाची आणली. भाऊ विश्वजीत सैन्यात. पुण्याला पोस्टिंग असताना त्यानं हौसेनं घेतलेली ती स्टीलची जुनी सायकल घरी नुसती धूळ खात होती. बारीक नळ्यांची, सरळ दांडीची, दिसायला एकदम साधी. कालव्यावर गेल्यावर दोघींनी सायकली बदलल्या. दीपमालाला ती फार मोठी होत होती. उतरायचं तर उडीच मारावी लागायची. पण पहिल्या वळणाच्या आतच तिला काहीतरी वेगळं जाणवलं. खडे तेच होते, चाकोऱ्या त्याच होत्या. रस्ता पायाखाली कळत होता, पण टोचत नव्हता. पायडलवर जोर दिला की सायकल किंचित अंग देऊन पुढं सरकत होती, भिजलेल्या वेताच्या काठीसारखी.

“ताई, ही सायकल जिवंत हाय,” ती थांबून म्हणाली. गावाकडची बोली तिच्या तोंडी अशी मधूनच यायची.

राजेश्वरी हसली. “अगं, तिला टायर रुंद आहेत. निम्मा फरक टायरचा असतो.”

“असू दे. मग उरलेला निम्मा?”

त्या उरलेल्या निम्म्यानं तिला झोपू दिलं नाही. तिच्या उंचीची अशी सायकल कुठं मिळते का, हे प्रबुद्धनं मोबाइलवर शोधून पाहिलं. मिळत होत्या त्या सगळ्या उंच माणसांच्या. शेवटी तोच म्हणाला, “दिवसभर लोखंडच जोडतेस ना? मग एक स्वतःसाठी जोड की.”

तो बोलला चेष्टेत, पण दीपमालानं ते मनावर घेतलं.

शिरवळमध्येच वीरधवल नावाच्या ओळखीच्या माणसाचं फॅब्रिकेशनचं शेड होतं. गोठ्यांचे सांगाडे, गेट, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड अशी कामं तिथं चालायची. साप्ताहिक सुट्टीला एक कोपरा वापरायला त्यानं आनंदानं दिला. विश्वजीतनं सुट्टीवर येताना सायकलच्या खास पोलादी नळ्या आणल्या. दीपमालानं नळी हातात घेतली आणि नखानं वाजवून पाहिली. घंटेसारखा बारीक आवाज आला. भिंत इतकी पातळ की तिचा विश्वासच बसेना. टोकांना थोडी जाड आणि मधे कागदासारखी.

कंपनीत ती जाड पत्रे जोडायची. पहिल्याच सांध्याला तिनं सवयीनं तेवढीच आच दिली आणि नळीला बोट जाईल एवढं भोक पडलं. ती नळी बाजूला ठेवून तिनं महिनाभर नुसत्या तुकड्यांवर हात बसवला. मग फ्रेम उभी केली. दिसायला झकास. रंगही न देता चाकं बसवून ती शेडबाहेर पडली आणि हायवेच्या पुलापर्यंत जाऊन परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. सायकल डावीकडं ओढत होती. सांधे तापून गार होताना नळ्यांनी अंग आखडून घेतलं होतं. मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत नव्हतंच.

“थोडंसंच तर आहे,” प्रबुद्ध म्हणाला. “चालवताना कुणाला दिसतंय?”

“मला कळतंय ना.”

तिनं ग्राइंडर लावला आणि फ्रेमचे तुकडे केले. दुसऱ्या खेपेला तिनं आधी भंगारातल्या अँगलचा एक भक्कम साचा बनवला. त्यात नळ्या घट्ट आवळल्या. एक सांधा इकडं, एक सांधा तिकडं, मधे गार होऊ द्यायचं, मग पुढचा. तिच्या खांद्याची, हाताची, मांडीची मापं राजेश्वरीनं घेतली आणि हँडल किती पुढं, सीट किती मागं हेही तिनंच सांगितलं. नवरात्र संपता संपता फ्रेम झाली. हिरवा रंग दिला. मुरमासाठी रुंद टायर बसतील एवढी जागा मागचं चाक धरणाऱ्या नळ्यांच्या चिमट्यात सोडली होती. डांबरावर जायचं तर बारीक टायर घालायचे. ती शेडबाहेर पडली, पुलापर्यंत गेली, हात सोडले. सायकल सरळ चालली.

जानेवारीत दोघींनी ठरवलं, साताऱ्याहून थेट दीपमालाच्या माहेरी जायचं. पहाटे निघाल्या. कराडमध्ये नाश्ता करून विट्याच्या रस्त्याला लागल्या. ऊसतोडीचे दिवस होते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर वाट अडवून चालले होते आणि रस्त्यावर ठिकठिकाणी उसाची कांडकी सांडली होती. विट्याच्या अलीकडं एका उतारावर अशाच एका कांडक्यावरून दीपमालाचं पुढचं चाक घसरलं. ती उजव्या अंगावर आपटली. कोपर खरचटलं, पण हाड शाबूत होतं. सायकल उचलली तर मागचं चाक फिरेना. मागच्या चिमट्याची उजवी नळी आत वाकली होती आणि गियर तारांत अडकला होता.

दीपमाला रस्त्याकडेलाच बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते कोपरासाठी नव्हतं. राजेश्वरीनं तिच्या जखमेवर रुमाल बांधला आणि हळूच म्हणाली, “टेम्पो बघूया का? माझी अशी आपटली असती ना, तर मी सरळ घरी नेली असती. कार्बनचं काही खरं नसतं, आतली चीर दिसतही नाही.”

दीपमालानं वाकलेल्या नळीवरून बोट फिरवलं. कुठं चीर नव्हती, चुणी नव्हती. नुसतीच वाकली होती. ती उठली. “जवळपास वर्कशॉप बघूया.”

थोडं चालल्यावर ट्रॉल्या दुरुस्त करणारं एक शेड लागलं. मालक भाऊसो ट्रॉलीखाली झोपून काम करत होते. बाहेर येऊन त्यांनी सायकल बघितली. “ह्ये व्हय? हाण की दोन हातोडं. थांब, गॅस लावतो, लाल झाली की येती सरळ.”

“नको दादा, पातळ हाय नळी. गॅसनं मऊ पडंल. गारच वाकवायची.”

“गार? न्हाई यायची.”

“आणली पाहिजे.”

भाऊसोंनी डोकं खाजवलं. नळीला पक्कड लावली तर चेचली जाणार, हे त्यांच्याही लक्षात आलं. मग त्यांनीच बाभळीचा एक ओंडका आणला, त्यात ड्रिलनं भोक पाडलं आणि तो उभा चिरला. दोन फाकांत नळी अलगद बसली. आता लांब पाइपाची ताकद लावली तरी नळीला धक्का नव्हता. “आमी ट्रॉलीचा दांडा असाच वढतो,” ते म्हणाले. दीपमालानं चिमट्याच्या एका टोकाला दोरा बांधला, तो पुढं हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणला, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर बघितलं. भाऊसो पाइप दाबत, ती दोरा बघत. थोडं आणखी. परत दोरा. थोडं आणखी. राजेश्वरी सायकल घट्ट धरून उभी होती. शेवटी दोन्ही बाजूंचं अंतर सारखं झालं. गियर तारांतून सोडवून चाक बसवलं. फिरवलं. ते कुठंही न घासता फिरत राहिलं.

“आयला!” भाऊसो मांडीवर थाप मारत म्हणाले. “ताई, सायकल कुठली म्हनायची ही?”

“मीच केलीय.”

ते वळून आत ओरडले, “आरं, चहा सांगा रं! आन् खारी बी आना संगं!”

उरलेला रस्ता तिला कधी सरला ते कळलं नाही. विटा मागं पडलं, ऊस संपला. भिवघाट ओलांडल्यावर माळरान, द्राक्षांचे मळे आणि बेदाण्याची शेडं लागली. नागजवरून आत वळणारा कच्चा रस्ता हा तिच्या वडिलांच्या रोजच्या वाटेतला. ऊन कलत होतं. दोघी अंगणात शिरल्या तेव्हा मुक्ताबाईंनी आधी लेकीचं कोपर बघितलं आणि केरूंनी आधी सायकल.

त्यांनी ती एका हातानं उचलली, खाली ठेवली, प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवला.

“कशी हाय, आबा?” तिनं विचारलं.

“कॅरेज कुठं हाय हिला?”

“न्हाई बसवलं.”

“मग सामान कशावर बांधायचं?” ते पुटपुटले. पण तिन्हीसांजेला शेजारचे लोक जमले तेव्हा तेच सगळ्यांना सांध्यावर बोट ठेवून दाखवत होते, “ह्यो बघा जोड. माझ्या पोरीनं मारलाय. हाय का कुठं उंचवटा?”

पुढं गोष्टी आपोआप घडत गेल्या. राजेश्वरीनं आपल्यासाठी एक फ्रेम करून घेतली. कार्बनची सायकल तिनं टाकलेली नाही. घाटाच्या शर्यतींना अजूनही ती तीच नेते. पण कालव्यावर आणि लांबच्या वाटांवर दीपमालाची सायकल असते. मग आणखी लोक विचारत आले. सगळंच सुरळीत झालं असं नाही. कराडच्या एका माणसाची फ्रेम वर्षाच्या आत कुरकुरायला लागली. दीपमालानं ती मागवून रंग खरवडला तर सांध्याशेजारी केसाएवढी चीर निघाली. तिचा हात तिथं चुकला होता. तिनं नळी बदलून दिली आणि त्या माणसाची चार वेळा माफी मागितली. तो म्हणाला, “ताई, कुरकुर करून आधीच सांगितलं ना तिनं. दगा नाही दिला.” तेव्हापासून ती कुठल्याही फ्रेमला घाई करत नाही. कुणी घाई केली तर सरळ नाही म्हणते. कंपनीची नोकरी चालू आहे, शेडमधला कोपराही.

यंदा पाऊस सरल्यावर मलकापूरच्या संयोगिता नावाच्या नर्स बाई सायकल न्यायला आल्या. दीपमालाहून बोटभर ठेंगण्या. आजवर प्रत्येक सायकलवर त्यांचे पाय लोंबकळले होते, म्हणून चाळिशीपर्यंत त्यांनी कधी लांबचा पल्ला मारला नव्हता. सगळे मिळून कालव्यावर गेले. संयोगिता बसल्या, दोन्ही पाय जमिनीला टेकवून बघितले, आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. त्या निघाल्या. आधी डगमगत, मग सरळ. वळणावर उसाआड दिसेनाशा झाल्या.

दीपमाला कालव्याच्या कठड्यावर बसून राहिली. बराच वेळ झाला. प्रबुद्ध म्हणाला, “जाऊन बघू का?” तेवढ्यात उसामागून हेल्मेट दिसलं. संयोगिता आल्या त्या गालापर्यंत चिखल उडवून. पण थांबल्या नाहीत. समोरून जाता जाता ओरडल्या, “दीपाताई, तुम्ही जा घरी! मी वाईपर्यंत जाऊन येते!”