पाळण्यातला युरोप

स्टाफरूममधले खडू संपतात, किस्से काही संपत नाहीत. चाकूरकडच्या आमच्या शाळेत तर एकट्या सोनटक्के सरांचेच पोतंभर साठलेत!

सर भूगोलाचे. लातूर नवा जिल्हा झाला, नकाशावर नवी रेघ आली अन् सरांच्या अंगात युरोपच शिरला. कुणाकडं बाळ झालं की हे शहराचं नाव घेऊन हजर! स्वतःला मात्र लग्नाला कैक वर्षं होऊनही मूल नव्हतं. ‘जिनिव्हा’ तेवढं कुणाला द्यायचे नाहीत. "ते माझ्या लेकीचं, बाई," असं मला हळूच म्हणायचे. 

---

आमचे शिपाई मारुतीमामा. त्यांच्या नातवाला सरांनी नाव सुचवलं, रोम.

मामा हादरलेच. "रोम म्हणजे केसच ना हो सर? पोरगं तर साफ टकलं हाय!"

---

गणिताच्या कांबळे बाईंच्या मुलाला सरांनी मिलान सुचवलं. बाईंचे सासरे ताडकन उठले.

"मिलिंद म्हणा की सरळ! दुष्काळ हाय म्हणून नावातल्या टिंबाचीबी काटकसर करून राहिले का?"

---

दुष्काळ तर असा, की शाळेच्या हापशाला नुसता वारा यायचा. त्यातच शिरूर अनंतपाळच्या एका पालकाला सर म्हणाले, "मुलीचं नाव व्हेनिस ठेवा. तिथं गल्लोगल्ली पाणी असतं."

तो बापडा थक्क. "अन् मग टँकर कुठून जातो?"

बारशाला मी गेले होते. नाव घेणार, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला, "टँकर आला!" बायका घागरी घेऊन पसार. पोरीची आत्यासुद्धा! पाळण्यापाशी मी अन् व्हेनिस, दोघीच. अगं बाई, काय म्हणावं ह्याला!

---

आणि मग सरांनाच मुलगी झाली! अख्खी शाळा पेढे खात हिंडत होती.

बारशाला कंधारहून सरांच्या थोरल्या ताई आल्या. आमच्याकडं पाण्याचा ठणठणाट, म्हणून भाचीच्या अंघोळीला एस.टी.तून मांडीवर भरली कळशी घेऊन! "कंडक्टर मुडदा कळशीचं तिकीट मागून राहिला होता!"

सरांनी ताईंकडून सकाळपासून नाव घोकून घेतलं.

"जिनिव्हा, ताई."

"हाव रे, कळलं की!"

ताई पाळण्यावर वाकल्या, कानात कुर्र केलं. आम्ही पाठीत धपाटे घातले. ताई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जिल्हा!"

माझा हात वरच राहिला. सरांचं तोंड पांढरंफटक.

"असं काय बघून राहिले? आपला जिल्हा झाला, त्याचंच नाव ठेवलं माझ्या भावानं. लई गोड!" ताईंचे डोळे भरून आले होते.

सरांनी कोपऱ्यातल्या कळशीकडं पाहिलं.  शेवटी म्हणाले, "हाव ताई. तेच."

इतकी वर्षं जपलेलं नाव माणसानं गिळून टाकलं. मला रडूच आवरेना.

---

पोरगी शाळेत घालायची झाली. सर तिचं बोट धरून ऑफिसात उभे, मी शेजारी. क्लार्क नांदेडहून नवेच बदलून आलेले.

"नाव सांग बाळ."

"जिल्हा."

"जिल्हा लातूर, ते लिहिलं मी. तुझं नाव सांग."

"जिल्हा सोनटक्के!"

क्लार्कनी चष्मा काढला अन् घाबरून माझ्याकडं बघितलं.

"बाई, हा कधी झाला?"