पोरांनी आणलेल्या गोवऱ्या

वहिनींचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी दाढी करत होतो. "भाऊजी, हे उठतच नाहीत हो…" एवढंच त्या म्हणाल्या. अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो. माझा थोरला भाऊ अमळनेरजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होता. निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिला आणि रोज शाळेत जात राहिला. कशाला रे, असं विचारलं की म्हणायचा, "मी निवृत्त झालो, पोरं कुठे झालीत?" त्याला जाऊन आता महिना उलटला. लोक भेटतात, म्हणतात, सगळं कसं व्यवस्थित केलंत हो शेवटचं. ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

भाऊचं शिकवणं पुस्तकात मावणारं नव्हतंच. पोरांना घेऊन बोरी नदीच्या कोरड्या पात्रात जायचा, प्लास्टिक वेचायला लावायचा आणि वेचता वेचता पाढे म्हणून घ्यायचा. होळीला हिरवी फांदी तोडायची नाही, हे त्याने पोरांच्या डोक्यात असं काही भरवलं की गावची होळी पालापाचोळ्यावर आली. एकदा कपाशीच्या काड्या बांधावर पेटवून द्यायला निघालेल्या बापाच्या हातातून त्याच्या पोरीने काडेपेटीच पळवली. बाप तणतणत भाऊच्या दारात आला. "मास्तर, पोरगी तुमनी शे का मनी?" भाऊ म्हणाला, "शाळा सुटेपर्यंत माझी." तो गडी हसला आणि चहाला बसला. मी मात्र भाऊची टर उडवायचो. एसटीत तिकिटं फाडण्यात जन्म गेलेला माणूस मी, मला झाडाझुडपांचं काय कौतुक!

गेल्या हिवाळ्यात त्याने शाळेतल्या पोरांना शेतात भरीत-भाकरीचं जेवण घातलं. मीही गेलो होतो. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती. जाळाकडे बोट दाखवून भाऊ पोरांना म्हणाला, "मी गेलो ना, की माझं एवढ्यात भागवायचं. काड्या आणि गोवऱ्या, बास. माझ्यासाठी झाड तोडायचं नाही. हा माझा भाऊ साक्षीला आहे." सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडात घास होता. मी मान डोलावली.

त्या दिवशी मी पोहोचलो तर अंगणात नातेवाईक जमलेले, आणि फाटकाबाहेर पोरांची रांग. कुणाच्या डोक्यावर घमेलं, कुणाच्या हातात पिशवी. प्रत्येकाने घरून गोवऱ्या आणल्या होत्या. एकीने तर दप्तर रिकामं करून त्यातच भरल्या होत्या. मला भडभडून आलं. तेवढ्यात आमचे मामा खेकसले, "मास्तर माणूस शे रे तो! गवऱ्यास्वर जाळशी का त्याले? बठ्ठा गाव नावं ठेवी!" वहिनी आत बेशुद्धच पडल्यासारख्या होत्या, त्यांना कोण विचारणार? निर्णय माझा होता. आणि खरं सांगू… मामांचा धाक नव्हता मला. मलाच वाटलं, आपल्या भावाचं काही कमी पडायला नको. चार लोक बघतायत. मी वखारीत फोन केला आणि म्हणालो, चांगली लाकडं पाठवा, बघून पाठवा. मग फाटकाशी जाऊन पोरांना म्हणालो, "घरी न्या रे त्या गोवऱ्या." पोरं हलली नाहीत. लाकडांची ट्रॉली आली तशी बाजूला झाली, गोवऱ्या भिंतीशी रचून ठेवल्या आणि गुपचूप मागे मागे स्मशानापर्यंत आली. माझ्याकडे मात्र एकानेही बघितलं नाही.

जन्मभर ज्या एका गोष्टीसाठी त्याने जिवाचं रान केलं, तीच मी त्याच्या पोरांसमोर खोटी पाडली. त्याला बोलायला तोंड नव्हतं तेव्हा.

परवा शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापिका बाईंनी मला दोन शब्द बोलायला लावले. मी उभा राहून भाऊचा झाडांवर किती जीव होता वगैरे सांगितलं. लाज वाटत होती, तरी सांगितलं. बोलून बसलो तोच पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "आबा, सरांना लाकडं कोणत्या झाडाची लावली?"

बाई ओशाळल्या. हळूच म्हणाल्या, "रागावू नका हं. सरांनीच लावलेली सवय आहे ही. बॅट असो नाहीतर पट्टी, लाकडाची वस्तू शाळेत आली की आधी झाडाचं नाव विचारायचं, मगच हात लावायचा."

मुलीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती नुसती उत्तराची वाट बघत उभी होती. वखारीत फोन मी केलेला. ट्रॉली माझ्यासमोर रिकामी झालेली. चिता रचली तेव्हाही मी तिथेच होतो. बाभूळ होती, आंबा होता, की निंब… मी बघितलंच नव्हतं.

"माहीत नाही गं, बेटा," मी म्हणालो.

"मग विचारून सांगा," ती म्हणाली आणि खाली बसली.