बाबलीच्या तीन जोड्या

बाबली पाडेल्याकडे गावाचं पहिलं लक्ष गेलं ते १९५६ च्या सुमारास. नारळ पाडायचे सोडून तो माडाच्या शेंड्यावर नुसताच बसून राहिला होता.

“रे बाबल्या, थंयच संसार मांडतंस की काय?” खालून तुळसावैनी ओरडली.

“काकणाक बघतंय गो! पिलाक मासो भरवता हा.”

तुळसाच्या घरामागच्या परड्यात उंडीचं जुनं झाड होतं आणि त्याच्या शेंड्याला काकणाचं, म्हणजे पांढऱ्या पोटाच्या दर्यावरच्या गरुडाचं, खाटेएवढं घरटं. लोकांना खालून काटक्याच दिसत. बाबलीला शेजारच्या माडावरून आतलं दिसे. तेव्हापासून काकणांबद्दल जो तो त्यालाच विचारू लागला, आणि त्यालाही ते आवडू लागलं.

पुढे तुळसाच्या दिराला, सत्यवानला, होडीसाठी ती उंडी हवी झाली. तुळसा ऐकेना. “घरटा मोडून काकण खंय जातले?” शेवटी ठरलं, बाबली सांगेल तसं.

बाबली ऐटीत म्हणाला, “तीन जोडी आसत वैनी. हयसर एक, वरच्या वाडीत एक, खाडीकडे एक. ही गेली तरी दोन रवतली.”

तो खोटं बोलला नव्हता. आज या वाडीतले माड, उद्या त्या वाडीतले, अशीच त्याची फिरती. जिथे चढे तिथल्या घरट्यावर कधी ना कधी त्याला काकणांची जोडी दिसलेली होती.

उंडी पडली. होडी पाण्यात गेली.

मार्गशीर्षात बाबली खाडीकडच्या माडावर चढला. घरटं सुकं. काकण नांदत असलं की घरट्यात ताजा पाला आणून ठेवतं; इथे एक हिरवं पान नाही. वरच्या वाडीत तर घरट्यात कावळा बसलेला. कोयता हातात तसाच धरून तो शेंड्यावर थांबला. तिन्ही घरटी एकाच जोडीची होती; ती आलटूनपालटून त्यांवर बसे. एका दिवसात दोन ठिकाणी बघावं, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

तो थेट तुळसाकडे गेला. “वैनी, तीन नव्हती. एकच होती.”

“आणि ती?”

“गेली.”

 तुळसाने नेहमीसारखा गुळाच्या खड्याबरोबर पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. गूळ तसाच ठेवून तो उठला.

शिवरात्रीला अख्खी वाडी सत्यवानच्या होडीतून कुणकेश्वराच्या जत्रेला निघाली. “ये रे बाबल्या, तुझ्याच उंडयेची आसा!” सत्यवानने हाक मारली. सगळे हसले. बाबलीही ओठांनी हसला आणि किनाऱ्याने चालू लागला. त्या होडीत तो कधीच बसला नाही. पक्ष्यांबद्दल कुणी विचारलं तर एवढंच म्हणे, “माका ठावक नाय.”

पुढे म्हातारपणी त्याचे गुडघे धरले, माडावर चढवेना. सकाळी तो तुळसाच्या परड्यात येई आणि दुसऱ्यांनी पाडलेले नारळ सोलत बसे.