सासऱ्यांचं शेवटचं कडवं

मस्कतच्या विमानतळावर मी सख्ख्या मेहुण्याच्या स्वागताला गेलो आणि हार भलत्याच माणसाच्या गळ्यात घातला.

हार चांगला होता. हमरियातल्या मलबारी फुलवाल्याकडून मुद्दाम करून घेतलेला, मोगऱ्याचा, सुकू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला. दारातून सहाजण बाहेर आले. सगळ्यांचे केस खांद्यापर्यंत, सगळ्यांचे टीशर्ट काळे. त्यातला जो सर्वात रुबाबदार दिसला त्याच्या गळ्यात मी हार घातला, त्याला पोटाशी धरलं आणि म्हणालो, "केवढा वाळलास रे." तो बिचारा सभ्य होता. त्यानेही मला पोटाशी धरलं आणि म्हणाला, "थँक यू अंकल."

मागून माझी मुलगी म्हणाली, "बाबा, तो ड्रमर आहे. मामा मागे आहे, ट्रॉलीवाला."

ट्रॉलीवाला हसत होता आणि फोनवर सगळं शूट करत होता. संध्याकाळपर्यंत ते आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनिस्टपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी आमच्या अर्बाबने, म्हणजे ज्याच्या इमारतींचे एसी मी गेली एकवीस वर्षं सांभाळतो त्या ओमानी मालकाने, मला बोलावून विचारलं, "हा तुझा भाऊ?" मी म्हटलं, "नाही, हा ड्रमवाला." तो म्हणाला, "माशाल्ला," आणि विषय संपला.

माझ्या बाजूने एवढंच सांगतो की मी मेहुण्याला नऊ वर्षांत समोर पाहिलं नव्हतं. आम्ही मे महिन्यात सुट्टीवर गावी जातो तेव्हा तो कुठल्यातरी दौऱ्यावर असतो. व्हिडिओ कितीही पाहिले तरी माझ्या डोक्यात राहिलेला मेहुणा गुडघ्यापर्यंत चिखलात उभा होता आणि त्याचे केस आमच्या गावच्या न्हाव्याने वाटी ठेवून कापावेत तसे होते.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. चौदा वर्षांनी धाकटा, म्हणजे तिने कडेवर वाढवलेला. रत्नागिरीकडे आमच्या गावात गणपतीत जाखडी नाचतात. एका पायात घुंगरू बांधून गोल धरायचा, मध्ये ढोलकीवाला आणि गाणारा शाहीर बसायचा. माझे सासरे ते शाहीर. मी त्यांच्या पाठीमागे झील धरायचो, म्हणजे त्यांची ओळ मागून म्हणायचो, आणि झांज वाजवायचो, बहुतेकदा अर्धा ठोका उशिरा. त्यांनी मला मुलगी का दिली हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पोरगा गाण्यात कच्चा आहे, म्हणजे घर सोडून भटकणार नाही, असा त्यांनी हिशोब केला असावा. मी मस्कतला आलो.

सासऱ्यांना लिहिता येत नव्हतं. गाणी ते नांगर धरून बांधायचे. भाताच्या खाचरात चिखलणी करताना बैल एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत जाईतो त्यांची एक ओळ जुळायची. बैल वळवायला थांबले की ते ती ओळ मोठ्याने सांगायचे, आणि बांधावर बसलेली माझी बायको, तेव्हा शाळेत जाणारी, ती पाठ करायची. कागद ओला व्हायचा म्हणून लिहायची नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता सगळं गाणं म्हणून दाखवायची आणि सासरे चुलीपाशी बसून त्यातले शब्द बदलायचे. मेहुणा तेव्हा पाळण्यात होता. मुलाखतीत तो सांगतो की बैलांच्या मागे चालता चालता त्याला गाणी सुचली. बैलांना तो घाबरायचा. थोरला पवळ्या नुसता मान हलवायचा तरी हा माझ्या बायकोच्या पदराला धरायचा.

पण गळा होता, ते खोटं कशाला बोलू. सासरे थकल्यावर तो गायला बसला. कुणीतरी मोबाइलवर त्याला शूट केलं, मुंबईच्या कॉलेजातली गिटारवाली पोरं त्याला शोधत गावात आली, आणि पॉवर टिलर शेजाऱ्याला देऊन तो त्यांच्याबरोबर गेला. सासऱ्यांचं नांगराचं गाणं त्यांनी गिटार आणि ड्रमवर बसवलं. 'वळण आलं, वळ रे बैला, वळण आलं, वळ.' जन्मात बैल न पाहिलेली पोरं दोन्ही हात वर करून 'वळ' म्हणतात. मेहुणा एका पायात घुंगरू आणि दोन्ही पायांत पांढरे बूट घालून नाचतो. पोस्टरवर लिहिलेलं असतं, 'मातीतला रॉकस्टार.' मला अभिमान वाटायचा. दार्सैतच्या देवळात प्रसादाच्या रांगेत उभं राहून मी अनोळखी माणसांना सांगायचो की हा आमचा मेहुणा.

विमानतळावरून तो दुपारी आमच्याकडेच जेवायला आला. बायको पहाटेपासून उठलेली. अल मवालेहच्या बाजारातून मी शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या, तिने कुळथाची पिठी केली होती, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. मेहुण्याने पिठीचा वास घेतला, डोळे मिटले, फोटो काढला आणि तीन चमचे खाल्ली. बरोबर आलेला मॅनेजर म्हणाला, शोच्या आधी सर हेवी खात नाहीत. मग सरांनी दोन उकडलेली अंडी आणि काकडी खाल्ली. उरलेल्या भाकऱ्या मी खाल्ल्या. आमच्या घरात तो विभाग माझ्याकडेच असतो.

जेवण झाल्यावर बायको त्याच्यासमोर बसली. ती कुणाकडे काही मागत नाही. माझ्याकडे मागायचं तिने लग्नानंतर वर्षभरात बंद केलं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "उद्या शेवटचं कडवं म्हण."

हे सांगायला हवं. जाखडीच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात गाणं कुणी बांधलं, त्याचा गुरू कोण आणि गाव कुठलं, हे म्हणायचं असतं. तिथे शाहिराचं नाव येतं. सासरे म्हणायचे, कर्त्याचं नाव न घेता उठलास तर ते गाणं उष्टं. मेहुण्याचं गाणं जगभर वाजलं, पण त्यात ते कडवं नव्हतं. गाणं लांब होतं म्हणून म्युझिक कंपनीने कापलं, असं बायको समजत होती.

"गावात कुणी आता गात नाय," ती म्हणाली. "बाबांचं नाव एकदा माइकवर येऊ दे. इथली माणसं ऐकतील. मी ऐकेन."

"म्हणतो ना ताई. एवढंच ना?"

"एवढंच."

मी भाकरीचा तुकडा तोंडात तसाच धरून बसलो होतो. कारण मला एक फोन आठवला.

सासरे गेले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी एका इमारतीच्या गच्चीवर होतो, जुलै महिना, चिलर बंद पडलेला, खाली भाडेकरू ओरडत होते. मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, कंपनीवाले विचारतायत गाणं कुणाच्या नावावर लावू. बाबांचं लावायचं तर आईची, ताईची, सगळ्यांची सही लागेल. माझं लावलं तर आजच काम होतंय. ताईला विचारू काय?" माझ्या हातात पाना होता आणि पाना इतका तापलेला की फडक्याने धरला होता. मी म्हटलं, "तिला कशाला त्रास? लाव तुझंच. बाबा काय आता तुझ्यावर केस करणारेत?" आणि आम्ही दोघे हसलो. मला तेव्हा तो विनोद चांगला वाटला होता. घरी गेल्यावर बायकोला सांगायचं मनात होतं. आधी अंघोळ केली, मग जेवलो, मग राहिलं. राहिलं ते आठ वर्षं राहिलं.

निदान तेव्हा तरी, जेवणाच्या टेबलावर, मी बोलू शकलो असतो. मी म्हटलं, "चहा टाकू का?"

शो एका शाळेच्या मैदानावर होता, सूर्य मावळताना सुरू झाला. जानेवारीची हवा, अर्धं मराठी मस्कत आलेलं. कोकणातले सुतार, वायरमन, ऑफिसातले इंजिनियर, त्यांच्या बायका, आणि आपसात इंग्रजी बोलणारी पोरं. आमच्या खुर्च्या तिसऱ्या रांगेत होत्या. बायकोने नारायणपेठ नेसली होती, जी ती दिवाळीशिवाय काढत नाही. शेजारच्या बाईला तिने सांगितलं, "हे गाणं माझ्या वडलांचं आहे, शेवटी कळेल तुम्हाला."

'वळ रे बैला' सगळ्यात शेवटी आलं. मैदान उभं राहिलं. माझी मुलगी, जिला नांगर म्हणजे काय ते मला चित्र काढून सांगावं लागलं होतं, ती खुर्चीवर चढून ओरडत होती. गिटार थांबलं, ड्रम थांबले, सगळं शांत झालं, आणि मेहुण्याने नुसत्या ढोलकीवर शेवटचं कडवं उचललं. बायकोने माझं मनगट धरलं. तिने असं मनगट धरल्याला किती वर्षं झाली असतील ते मी मोजणार नाही.

पहिली ओळ, गुरूची. दुसरी, गावाची. तिसऱ्या ओळीत नाव येतं. ते आलं. मेहुण्याने स्वतःचं घेतलं.

मात्रांत बरोबर बसलं. सासऱ्यांच्या नावात जितकी अक्षरं तितकीच त्याच्या नावात, तेही नाव सासऱ्यांनीच ठेवलेलं. मैदानाने त्या नावाला शिट्ट्या मारल्या. आणि मी, नेहमी अर्धा ठोका उशिरा वाजवणारा माणूस, त्या वेळी नेमका वेळेवर टाळ्या वाजवायला लागलो होतो. दोन टाळ्या वाजल्यावर कळलं. मनगट सुटलं होतं.

शेजारची बाई म्हणाली, "अय्या, वडलांचं आणि भावाचं नाव एकच आहे का?"

बायको म्हणाली, "नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निरोप घ्यायला आला. शुक्रवार होता, खाली गाडी उभी, मॅनेजर गाडीतच. बायकोने त्याच्यासाठी डबा बांधून ठेवला होता. डबा टेबलावर आणि हात डब्यावर.

"नाव का बदललंस?"

"ताई, ऐक ना. बाबांचंच घेणार होतो. पण शूटिंग चालू होतं, कंपनीच्या चॅनलवर जाणार ते. त्यांच्या कागदावर गाणं माझ्या नावावर आहे. स्टेजवर दुसरं नाव घेतलं की उद्या वकिलाचा फोन."

"तुझ्या नावावर कसं आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी किटलीकडे पाहिलं.

"भावोजींना विचारूनच केलं होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं ताईला विचारू काय. भावोजी म्हणाले कशाला, बाबा काय केस करणारेत?" तो थोडा हसलाही, जुनी गंमत सांगावी तसा. मग हसायचं थांबला. "तुला सांगितलं नाय त्यांनी?"

बायकोने डबा त्याच्याकडे सरकवला. "सोलकढी नीट धर, सांडेल," म्हणाली. मुलगी खोलीतून धावत आली, मामाबरोबर सेल्फी काढला, मग आम्हाला दोघांनाही त्यात ओढलं. तो फोटो अजून आहे. त्यात चौघांपैकी दोघे हसतायत.

तो गेल्यावर मुलगी पुन्हा झोपली. बायको स्वयंपाकघरात लसूण सोलायला बसली. एवढ्या लसणाचं काय करणार होती कोण जाणे, घरात दोन भाकऱ्यांपुरतंच पीठ होतं. मी दारात उभा राहिलो. मी सांगितलं की तेव्हा गच्चीवर होतो, चिलर बंद होता, ऊन फार होतं. एकामागून एक कारणं सांगताना माझ्याच लक्षात आलं की यातलं एकही आठ वर्षं टिकणारं नाही. मग मी जरा धीर करून म्हणालो, "कागदावर काहीही असू दे. गाणं बाबांचं आहे हे आपल्याला माहीत आहे ना. बस झालं."

ती म्हणाली, "म्हणा मग."

"काय?"

"शेवटचं कडवं. तुम्ही झील धरायचा ना त्यांच्या मागे. म्हणा."

मी घसा साफ केला. पहिली ओळ आली. दुसरी आली, गावाची. तिसरीवर मी जोर घेतला आणि तोंडून जे निघायला लागलं ते कालचं होतं, ढोलकीवरचं, मेहुण्याचं. पहिल्या अक्षरावर मी थांबलो. पुन्हा मागून सुरुवात केली. पुन्हा तेच यायला लागलं. सासऱ्यांचं नाव मला माहीत होतं, माझ्या लग्नाच्या पत्रिकेत आहे, पण चालीत ते बसेना.

बायकोने लसणाची सालं गोळा केली, कचऱ्याच्या डब्यात टाकली, हात धुतले.

"राहू दे," ती म्हणाली. "आता ते मला एकटीलाच येतं."